सी मेजरमधला घोडबंदर रोड

गाणं रचायला थिअरीची काडीइतकीही गरज नसते, असं मला सांगणारे लोक मुबलक आहेत, आणि त्यातला प्रत्येक जण चौथ्या वाक्याला बीटल्सना साक्षीला बोलावतो. लेनन आणि मॅकार्टनी यांना नोटेशन वाचता येत नव्हतं म्हणे. खरं आहे ते. १९६५ साली आलेल्या ‘यस्टर्डे’ची चाल मॅकार्टनींना झोपेत सुचली आणि खरे शब्द सापडेपर्यंत तिच्यावर अंड्याच्या भुर्जीबद्दलचे शब्द ठोकून बसवले होते, हेही खरं. पण ही मंडळी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळतात. लिव्हरपूलमध्ये कुणा एका माणसाला बी सेव्हन नावाची कॉर्ड येते अशी खबर लागल्यावर ही पोरं बस पकडून शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या घरी गेली, कॉर्ड शिकली आणि परत आली. मॅकार्टनी स्वतःच हा किस्सा सांगतात. ई आणि ए या कॉर्ड त्यांना येत होत्या. ई मधल्या गाण्याला हिंडवून परत घरी आणणारी तिसरी कॉर्ड, तीच नेमकी नव्हती. आपल्याला काय येत नाही आणि ते कुणाच्या घरी मिळेल हे ठाऊक असणं, यालाच मी तरी थिअरी म्हणते. शिवाय मी ठाण्याला, घोडबंदर रोडवर राहते. एका कॉर्डसाठी बसमध्ये चढणं म्हणजे काय, ते मला विचारा.

गिटार माझी नव्हे, चिरंजीवांची. इंजिनिअरिंगला असताना हट्टाने घेतली आणि नोकरीला बंगळुरूला जाताना माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी ठेवून गेला. मी स्वतः गांधर्वच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिलेली बाई. डोहाळजेवण, भजनी मंडळाचा वाढदिवस, कुणाची सेवानिवृत्ती, काहीही असो, गाणं पाडून देणं हा माझा जुना उद्योग. मात्र चाल कायम उसनी. उसन्या चालीला आपल्याकडे प्रतिष्ठाही आहे. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडा, पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून दुसऱ्याच कुठल्या तरी पदाचं नाव छापलेलं असतं. तरी एकदा वाटलं की बाई गं, शब्द आपले तर चालही आपलीच असावी. ‘मग पेटी आहे की घरात,’ हे म्हणाले. पेटी होतीच. पण पेटीवर बसलं की माझी बोटं आपोआप बाईंनी शिकवलेल्या बंदिशींकडे वळतात आणि नवी चाल म्हणून जे निघतं ते थेट यमनच्या छोट्या ख्यालाच्या अंतऱ्यात जाऊन बसतं. गिटारवर मला काहीच येत नव्हतं, हीच तिची मोठी सोय.

गिटार शिकवायला घरी सर लावले, ते वसईचे. चर्चच्या क्वायरमध्ये गिटार वाजवत मोठे झालेले, वय वर्षं बावीस. मी त्यांना सर म्हणते, ते मला काकू म्हणतात. ‘काकू, अंगठा मानेच्या मागे ठेवा.’ ‘हो सर.’ ‘काकू, नखं कापा.’ ‘सॉरी सर.’ आतल्या खोलीत पेपर वाचणाऱ्या माझ्या नवऱ्याला हा संवाद इतका आवडला की तो शिकवणीच्या वेळी मुद्दाम घरी थांबू लागला.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, ‘काकू, तुमचा स्केल कुठला?’

‘काळी चार.’

सर थबकले. त्यांनी मोबाइलवर पियानो उघडला, काळ्या पट्ट्या बोटाने मोजल्या आणि चेहरा उजळून म्हणाले, ‘जी शार्प!’ असेल बाबा. आमच्या बाईंनी शाळेत असताना मला काळी चार ठरवून दिली, त्यानंतर ती कुणी तपासली नाही. मग सरांनी कॅपो नावाचा चिमटा पहिल्या फ्रेटवर लावला आणि म्हणाले, ‘आता तुम्ही जी वाजवा, ऐकू येईल ते तुमचं काळी चार.’ म्हणजे हात पांढरी पाचचा आणि आवाज काळी चारचा. पेटीवाले एका पट्टीतून दुसरीत जाताना बोटांची अख्खी मांडणी बदलतात, त्यासाठी वर्षं घालवतात, आणि इथे एका चिमट्यात काम! मला जरा अन्याय झाल्यासारखंच वाटलं.

त्या आनंदावर एफ कॉर्डने पाणी ओतलं. ही कॉर्ड अशी, की डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने सहाही तारा एकदम दाबून धरायच्या, उरलेल्या बोटांनी पुढे ई मेजरचा आकार करायचा आणि चेहरा माणसांतला ठेवायचा. मी दाबलं की दोन तारा बोलत, तीन गप्प बसत आणि एक कण्हत असे. मनगट, कोपर आणि खांदा यांना जोडणारी एक नस माणसाला असते, हे मला त्या पावसाळ्यात कळलं. चिरंजीव रात्री फोन करायचे ते ‘जेवलीस का?’ असं न विचारता ‘एफ लागला का?’ असं विचारायचे. शेवटी सरांनाच दया आली. ‘काकू, पहिलं बोट उचला. वरच्या दोन तारा सोडून द्या, तळची बारीक तार मोकळी वाजू द्या. हा एफ मेजर सेव्हन. सध्या यावर चालवून घेऊ.’ त्या ‘चालवून घेऊ’वर माझं पुढचं सगळं संगीत उभं आहे, पण ते नंतर.

बोटं दुखायची म्हणून मी थिअरीकडे वळले. तिथे मात्र घरचं मैदान. सरांनी फळ्यावर सी मेजर लिहिला आणि पूर्ण, पूर्ण, अर्धा, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्धा असं अंतरांचं सूत्र पाठ करायला सांगितलं. म्हटलं, ‘सर, हा बिलावल थाट. सगळे शुद्ध.’ सर गप्प. पुढच्या आठवड्यात त्यांनी मोड्स काढले. तेच सात सूर, फक्त सुरुवात वेगवेगळ्या सुरावरून. रे पासून सुरू केलं तर डोरियन, म्हणजे आमचा काफी. ग पासून फ्रिजियन, म्हणजे भैरवी. म पासून लिडियन, तो कल्याण. प पासून खमाज, ध पासून आसावरी. पंडित भातखंड्यांच्या दहा थाटांतले सहा मी त्यांना बसल्या जागी काढून दिले. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी या चौघांना त्यांच्या यादीत जागाच नव्हती, आणि त्यांच्याकडे नी पासून निघणारा लोक्रियन नावाचा एक होता, त्याला आमच्यात कुणी थाट म्हणून उभं करत नाही. का, तर त्याला शुद्ध पंचमच मिळत नाही. त्याच कारणाने सी मेजरमधली सातवी कॉर्ड, बी डिमिनिश्ड, ही कुणाच्याच गाण्यात सहसा दिसत नाही. बी पासून एफपर्यंत मोजलं तर पाचवा सूर अर्ध्या स्वराने बुटका पडतो. सर म्हणाले, ‘म्हणून ती अस्थिर वाटते काकू.’ मी म्हटलं, अस्थिर काय, आमच्याकडे मारवा पंचमावाचून संध्याकाळ हलवून सोडतो. पण सरांचं म्हणणं रास्त होतं. मारवा रागात गावा, भिशीच्या गाण्यात नव्हे.

खरी मजा सर्कल ऑफ फिफ्थ्सच्या दिवशी आली. सरांनी मोठ्या भक्तिभावाने घड्याळासारखं वर्तुळ काढलं. बाराच्या जागी सी, एकच्या जागी जी, मग डी, ए, ई. प्रत्येक जण आधीच्याचा पाचवा. मी म्हटलं, ‘सर, हा षड्ज-पंचम भाव. परीक्षेत हमखास येतो.’ सा चा पंचम प, प चा पंचम रे, रे चा ध, ध चा ग, ग चा नी. बाईंनी हे माझ्याकडून घोकून घेतलं होतं आणि त्याचा उपयोग काय, हे विचारायची पद्धत नव्हती. उपयोग तिशीपस्तिशीचा काळ उलटून गेल्यावर वसईच्या मुलाने सांगितला. वर्तुळात सी च्या एका हाताला एफ, दुसऱ्या हाताला जी. या तिन्ही मेजर, आणि त्यांना चिकटून आतल्या बाजूला त्यांच्या मायनर: डी मायनर, ए मायनर, ई मायनर. सहा कॉर्डची ही आळी झाली की तुमच्या गाण्याचं रोजचं सामान तिथेच मिळतं. दूरची कॉर्ड आणायची असेल तर जरूर आणा, पण ऐकणाऱ्याला ती दुरून आल्याचं कळणार.

या वर्तुळात एक लबाडी आहे, तीही सांगून टाकते. शुद्ध पंचम घेत घेत बारा पावलं गेलं की परत सा वर यायला हवं. येत नाही. अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाव हिश्श्याइतकं आपण पुढे निघून जातो. ती वाढलेली चिंधी बारा सुरांमध्ये सारखी वाटून टाकली, तेव्हा कुठे पियानो, पेटी आणि गिटारचे फ्रेट जमले. फ्रेट कुठे ठोकायचे याचा एक जुना हिशेब व्हिन्चेन्झो गॅलिली नावाच्या ल्यूटवादकाने सोळाव्या शतकात मांडला: उरलेल्या तारेचा अठरावा भाग मोजा, फ्रेट ठोका, पुन्हा उरलेल्याचा अठरावा. हा गॅलिलिओचा बाप. पोराने पुढे सूर्य जागचा हलू दिला नाही, पण वडिलांनी आधीच आमचा गंधार हलवून ठेवला होता. कारण या वाटणीत गंधार चढा होतो. तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार आणि गिटारचा गंधार यांत अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा फरक पडतो. ज्यांनी तंबोऱ्याशेजारी बसून गंधार लावलाय त्यांना तो दाताखाली आलेल्या खड्यासारखा कळतो. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दाराबाहेर काढलं आणि १९७१पर्यंत आत घेतलं नाही, तेव्हा तिच्या याच ठरीव सुरांवर पुष्कळ बोट ठेवलं गेलं होतं. मी गिटार सुरात लावायचे, सी मेजर छेडायचे आणि तिसऱ्या सुराशी भांडत बसायचे. सर म्हणायचे, ‘काकू, ट्यूनर हिरवा दाखवतोय.’ दाखवू दे.

एवढं सगळं समजलं आणि गाणं मात्र एक नाही. घोडं इथेच पेंड खात होतं. एखादी ओळ गुणगुणली, की मी लगेच तिचा मोड तपासायची, कॉर्डना रोमन आकडे घालायची, आणि त्या गडबडीत पुढची ओळ विसरायची. वहीत वर्तुळं झाली, तक्ते झाले, तीन रंगांची पेनं आली. सी, जी, ए मायनर, एफ ही चार कॉर्डची साखळी तर मी इतकी वाजवली की हे बाहेरून ओरडले, ‘हे कालचंच गाणं ना?’ म्हटलं, नाही, हे वेगळं. त्यांना दोष कसा देणार? ॲक्सिस ऑफ ऑसम नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या विनोदी त्रिकुटाने याच चार कॉर्डवर जगभरातली डझनावारी गाणी एकापाठोपाठ एक गाऊन दाखवली आणि एकदाही हात बदलावा लागला नाही.

अडचण माझ्या कानात होती. आमचा कान तंबोऱ्यावर पोसलेला. सा एकदा लावला की तो मैफल संपेपर्यंत तिथेच. सगळे सूर त्याच्याकडे बघून आपापली जागा ठरवतात. त्यामुळे चाल बांधायची म्हणजे सूर हलवायचे, एवढंच मला माहीत. खालची जमीनही हलवता येते, ही कल्पनाच अंगात नव्हती. आपल्या हिंदी सिनेमाने हे कोडं माणसं वाटून सोडवलं होतं. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा आणि तिच्याखाली काय सरकवायचं ते गोव्याकडची मंडळी कागदावर लिहायची. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे तर प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७च्या सिनेमातल्या त्या अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अँथनीला आडनाव मिळालं ते या गुरूचं. मला दोन्ही कामं एकटीलाच करायची होती, आणि माझ्यातला गोवा झोपलेला होता.

तो सरांनी जागा केला. एके दिवशी म्हणाले, ‘काकू, तुम्ही नुसता ग गात राहा. हलू नका.’ मी ग लावला. त्यांनी खाली सी वाजवला. ठीक, भरलेलं, घरचं वाटलं. मग ए मायनर. सूर तोच, पण तो एकदम उदास झाला. मग एफ मेजर सेव्हन, तोच आपला चालवून घेतलेला. ग तिथे अधांतरी लोंबकळू लागला. मग जी, आणि तोच ग आता कुठे तरी उतरायला आतुर झाला. मी चकित होऊन गात राहिले. लग्नातल्या मामाचं असंच असतं. भाचीच्या लग्नात तो तिला धरून मांडवात आणतो, सगळे त्याला वाट करून देतात. दुसऱ्याच आठवड्यात तोच मामा, तोच फेटा घालून शेजाऱ्यांच्या लग्नाला जातो आणि पंगतीत जिलबीची वाट पाहत बसतो. सी च्या घरी ग हा तिसरा, ए मायनरच्या घरी पाचवा, एफच्या घरी सातवा, जीच्या घरी सहावा, म्हणजे पाहुणाच.

गाणं त्याच संध्याकाळी बसमध्ये सुचलं. कापूरबावडीला गाड्या जशा थांबतात तशा थांबल्या होत्या. पुढच्या सीटवर एक मुलगा उभ्या असलेल्या मुलीला जागा द्यायची की नाही या विचारात मानपाड्यापर्यंत पोचला. घरी येऊन लिहिलं:

कापूरबावडीला दिसलास तू, मानपाड्याला हसलास,
पातलीपाडा येईस्तोवर शेजारी येऊन बसलास.

आणि ध्रुवपदाला नुसतं ‘गाडी हलेना, गाडी हलेना’, सगळं एकाच गंधारावर. गाडी जागची हलत नाही आणि खाली सी, ए मायनर, एफ मेजर सेव्हन, जी असं सगळं ठाणं सरकत राहतं. खरा, बोट मोडणारा एफ तिथे चाललाच नसता. त्यात मोकळी तार नसते आणि मोकळ्या तारेत माझा ग होता. मी चिरंजीवांना कळवून टाकलं, की एफ लागला नाही आणि आता लागायची गरज उरलेली नाही.

शेवटच्या ओळीला सरांनी एक युक्ती दिली. जी वाजली की ऐकणारा सी ची वाट पाहतो, पाहणारच. तिथे सी न देता ए मायनर द्यायची. सी मधले दोन सूर तिच्यातही आहेत, त्यामुळे ओळखीचं वाटतं, पण तळाचा सूर वेगळा. इंग्रजीत या फसवणुकीला रीतसर नाव आहे आणि परीक्षेत त्याला मार्क आहेत. माझी शेवटची ओळ होती, ‘वाघबीळ आलं, सिग्नल सुटला, तू मात्र उतरलास.’ ‘उतरलास’ला आवाज सा वर आणि खाली ए मायनर. मग एफ, जी, ओळ पुन्हा एकदा, आणि आता खरा सी. मी एकटीच वाजवून एकटीच दरवेळी फसत होते, इतकं ते जमलं होतं.

कोजागिरीला गच्चीवर कार्यक्रम ठरला. ध्रुवपद पुरुषांनाही म्हणता यावं म्हणून मी माझी काळी चार सोडली आणि काळी एकवर उतरले. सी चे आकार, कॅपो पहिल्या फ्रेटवर. ढोलकीला खालच्या मजल्यावरचे काका बसले. उभी हयात एसटी चालवण्यात गेली, आता भजनी मंडळाचा ताल सांभाळतात. तालमीला ते आले नव्हते. ‘केरवाच ना वहिनी? मग तालीम कसली?’

दूध आटत होतं, चंद्र वर आला होता, आणि सोसायटीने ‘गाडी हलेना’ उचलून धरलं. एकाच सुरावर असल्यामुळे एरवी नुसते ओठ हलवणारेही खणखणीत गात होते. एका बाईंनी तर दुसऱ्या ध्रुवपदाला चक्क डोळे मिटले. शेवटची ओळ आली. वाघबीळ आलं, सिग्नल सुटला, जी वाजली. काकांना पुढचं दिसलं. त्यांनी मान हलवली, दणदणीत तिहाई घेतली, ‘उतरलास’च्या सा वर अचूक थाप मारली, ढोलकी मांडीवरून बाजूला ठेवली आणि दुधाच्या ग्लासाकडे हात नेला. मी ए मायनरवर होते. टाळ्यांसाठी उचललेले हात हवेत राहिले. मी एफवरून जीकडे निघाले आणि ओळ पुन्हा सुरू केली, तेव्हा काकांनी ग्लास ठेवून धावत्या गाडीत चढावं तशी ढोलकी ओढली आणि मला सी वर येऊन गाठलं.

कार्यक्रम संपल्यावर ते मुद्दाम जवळ आले. कपाळाचा घाम पुसत म्हणाले, ‘गाणं झकास हो वहिनी. पण पुढच्या वेळी वळायचं असेल, तर आधी हात दाखवत जा.’